गुरुसिद्धअप्पांची भरलेली बशी

आमच्या गावात जिथं जिथं उतार म्हणून सिमेंट ओतलेलं आहे, तिथं तिथं गुरुसिद्धअप्पांचा चहा सांडलेला आहे.

पद्धत साधी आहे. चाकाच्या खुर्चीत अप्पांनी स्वतः बसायचं. मांडीवर बशी, बशीत काठोकाठ चहा. मागून कुणीतरी ढकलायचं. वरच्या टोकाला पोचेपर्यंत चहा बशीत राहिला तर उतार पास, धोतरावर आला तर नापास. अप्पांचं धोतर सकाळी पांढरं असतं. संध्याकाळी त्याच्याकडं नुसतं पाहिलं तरी दिवसभरात किती इमारती तपासल्या ते कळतं.

मी एकदा सुचवून पाहिलं, "अप्पा, चहाऐवजी पाणी घ्या. डाग तरी पडणार नाहीत."

"पाणी सांडलं तर कुणाचा जीव हळहळत न्हाय, सर. च्या असला की ढकलणाराबी जपून ढकलतो."

ढकलणारा म्हणजे मी.

मी समाजकार्य शिकवतो. विद्यापीठाचं एक छोटंसं केंद्र आहे, गावाबाहेर, ढोकीच्या रस्त्याला. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. तिथं 'समान संधी कक्ष' नावाची एक पाटी आहे आणि त्या पाटीच्या मागं मी आहे. ज्या बैठकीत हे काम वाटलं गेलं त्या दिवशी मी परंड्याला मावसभावाच्या साखरपुड्याला गेलो होतो. आमच्याकडं गैरहजर माणसाला नेहमी अशी समाजाच्या उपयोगाची कामं मिळतात.

अप्पा आमच्या केंद्राचे गवंडी. एकदा रीतसर निवृत्त झाले होते. पण त्यानंतरच्या पावसाळ्यात ग्रंथालयाचा गिलावा कपाटावर येऊन पडला, तेव्हा संचालकांनी त्यांना परत बोलावलं. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मुरूम गावचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि काम बिघडलं की दोन्ही. एखादी गोष्ट पटली तर "हौदु" म्हणतात. पटली नाही तर "इल्ला" म्हणतात आणि ओळंबा काढतात. त्या ओळंब्यापुढं आमचे संचालकसुद्धा सरळ उभे राहतात.

आमची पहिली भेट व्हरांड्यात झाली. मी नुकताच कक्षाचा ताबा घेतला होता. पाहतो तर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर बशी, चेहरा गंभीर. चाकाची खुर्ची दिसली की माझा आवाज आपोआप मऊ होतो. हे काही चांगलं लक्षण नाही, पण होतं खरं. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसा मी उकिडवा बसलो, त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि खांद्यावर हात ठेवला.

"काका, कधीपासून आहे हे?"

"काय?"

"हेच. असं."

"सकाळधरनं."

"आणि घरी सांगितलं का?"

"त्यात काय सांगायचं?"

मी त्यांचा खांदा हलकेच थोपटला. तेवढ्यात त्यांनी बशी माझ्या हातात दिली, खुर्चीतून उठले, सुटलेला कासोटा नीट खोचला आणि परत बसले. मी इतका हादरलो, की हातातला चहा पिऊन टाकला. घाबरलो की माझ्या हातात जे असेल ते मी पितो किंवा खातो. लग्नातसुद्धा मी थोड्या अक्षता खाल्ल्या होत्या.

अप्पांनी रिकाम्या बशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"परीक्षेचा पेपरच खाल्लासा की तुमी."

तिथून आमची जोडी जमली. अप्पांना ढकलणारा हवा होता, आणि मला कक्षाच्या वार्षिक अहवालात काहीतरी लिहायला हवं होतं.

पहिला उतार तपासला तो आमच्याच मागच्या दाराचा. केंद्राची तपासणी करायला एक समिती येणार होती म्हणून एका कंत्राटदारानं तो घाईघाईत बांधला होता. समिती आली, उताराचा फोटो काढला, गेली. उतारावरून कुणी गेलं नाही. जाणं शक्यच नव्हतं. बागेतली घसरगुंडी आडवी पडल्यावर तिला सिमेंट चोपडावं तसा तो होता. मी अप्पांना निम्म्यापर्यंत रेटलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एका महाविद्यालयातून विचारत होते, 'समावेशन' या विषयावर व्याख्यान द्याल का. मी "अवश्य" म्हणायला एक हात सोडला. दुसऱ्या हाताला खुर्ची पेलली नाही. ती उलटी माझ्या अंगावर आली आणि मी उडी मारून बाजूला झालो. समावेशनावर मी तासभर बोलू शकतो, पण अंगावर खुर्ची आली की आधी स्वतःचं पाहतो.

अप्पा पाठमोरे आवार ओलांडून कुंपणाला रचलेल्या कडब्यात जाऊन थांबले. मी धापा टाकत पोचलो तेव्हा ते बशीत पाहत होते.

"निम्मा ऱ्हायला," ते म्हणाले.

"म्हणजे उतार नापास ना, अप्पा?"

"उतार नापास. तुमाला एटीकेटी."

मग आम्ही गावात निघालो. रविवार माझा जायचा. एकदा शनिवारी एका बँकेत गेलो तर रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली. "बसा बसा आजोबा," असं एकजण म्हणाला. "बसलोयच की," अप्पा म्हणाले. शिपायानं पंखा त्यांच्याकडं वळवला. एका बाईनं मला बाजूला घेऊन, ईट गावात एकजण मालिश करून देतो, मंगळवारी जा, असं सांगितलं. एवढ्यात भिंतीवर उंच लावलेली एक सूचना अप्पांना वाचायची होती. ते उठले, टाचा उंचावून उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले, 'दिव्यांग ग्राहकांनी दुसऱ्या मजल्यावर संपर्क साधावा.' मालिशवाल्या बाईनं हात जोडले. मी लाजेनं खांबाआड गेलो आणि लोकांची समजूत घालायला अप्पांना एकटं सोडलं. त्यांनी ती एका वाक्यात घातली. "पाय हायत मला. पर ज्याला न्हाईत त्यानं ही सूचना वाचून दुसऱ्या मजल्यावर कसं जायाचं, ते इचारा."

हे सगळं मला गंमत वाटत होतं. सारिका येईपर्यंत.

सारिका ईटची. वडील मेंढरं राखतात. लहानपणापासून पायात ताकद नाही, पण हातात इतकी, की चाकाची खुर्ची चालवताना ती मला कधीच मागं यायला सांगत नाही. मीच मागं पडतो. एमएसडब्ल्यूला तिनं प्रवेश घेतला आणि समान संधी कक्षाला पहिल्यांदा एक खरोखरची विद्यार्थिनी मिळाली. तोवर मी समान संधी भिंतीला देत होतो.

आमचं सभागृह साडेतीन फूट जोत्यावर आहे. सात पायऱ्या. सारिकाला वर न्यायची आमची रीत अशी, की चार स्वयंसेवक यायचे, खुर्चीसकट तिला उचलायचे आणि पाचवा फोटो काढायचा. पाचव्याच्या कामात कधी चूक व्हायची नाही. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर.

ती एकदा मला म्हणाली, "सर, आमच्यात कोकरू उचलायचं झालं तरी आधी पाठीवर हात ठेवतात. त्याला कळू देतात. हे एकदम हवेतच नेतात."

मी म्हणालो, "त्यांची भावना चांगली असते."

"भावना चांगली असती. पकड चांगली नसती."

मग ती घटना घडली, जी सांगताना मला अजून हातात काहीतरी खायला लागतं. संविधान दिनाचा कार्यक्रम होता. सारिकाला उचलून मंचावर नेलं, तिचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. आभार मी मानले. समावेशनावर इतकं सुंदर बोललो, की माझं मलाच भरून आलं. मग सगळे जेवायला गेले. मीही गेलो. तिसरी पुरी हातात असताना मला आठवलं, की तिला खाली कुणी आणलंच नाही.

धावत गेलो. मंडपवाले सतरंज्या गुंडाळत होते. त्यांनी सारिकाच्या चाकाखालची सतरंजी तेवढी ठेवली होती. बाकीचा मंच उघडा पडला होता. तिच्याशेजारी अप्पा पायऱ्यांवर बसून होते.

"सर," ती म्हणाली, "माफी नका मागू, तुम्ही लांबण लावता. एकच सांगते. इथून पुढं मला एकदा जरी कुणी उचललं, तर मी सरळ ईटला जाणार. परत येणार न्हाय."

ती रागानं बोलली असती तर मी चार दिवस वाट पाहिली असती. ती वेळापत्रक सांगावं तसं बोलली. शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा त्याच सभागृहात होती. बाहेरचे परीक्षक यायचे, क्षेत्रकार्य सगळ्यांपुढं मांडायचं, त्याशिवाय पदवी नाही.

मी तोडगा काढला. तोडगे मला फार लवकर सुचतात. "तुझी परीक्षा खाली व्हरांड्यात घेऊ."

"घ्या की. सगळ्यांचीच व्हरांड्यात घ्या. मग माझीबी घ्या."

अप्पा उठले आणि खिशातून टेप काढली. त्यांनी जोतं मोजलं, पायऱ्या मोजल्या, मग गुलाबाच्या वाफ्यातून थेट कडुनिंबापर्यंत चालत जाऊन तिथं वीट ठेवली.

"एक फूट चढायला बारा फूट लांबी. हितनं हितपर्यंत बेचाळीस फूट."

दुसऱ्या दिवशी संचालक ती वीट पाहून म्हणाले, "बेचाळीस फूट? काय रेल्वे येणार आहे का?"

"सारिका येणार हाय."

"पण मध्ये गुलाब आहेत, अप्पा. मी स्वतः लावलेत."

"गुलाब उचलून दुसरीकडं लावू, सायेब. त्यांची काय हरकत नसती."

दीड महिना ते काम चाललं. अप्पांनी कोबा केला, खरबरीत घोटला, दोन्ही बाजूंना धरायला पाइप लावले. रोज दोन मजूर, एक मी. मला फक्त पाणी मारायला ठेवलं होतं, कारण पहिल्याच दिवशी मी ओल्या कोब्यावर उभा राहून कामाचं कौतुक केलं होतं. माझ्या बुटांचे ठसे अप्पांनी बुजवले, पण एक तसाच ठेवला. "लोकास्नी कळू दे, कक्षानं बी काम केलंय," म्हणाले.

आता उद्घाटन. इथं खरी माती मीच खाल्ली.

मी ठरवलं, की तोंडी परीक्षेच्याच दिवशी सकाळी उताराचं उद्घाटन करायचं. पाहुण्यांनी फीत कापायची आणि लगेच सारिकानं वर जायचं. कल्पना इतकी चांगली होती, की मी ती अप्पांना सांगितलीच नाही. त्यांना थक्क करायचं होतं. आदल्या दिवशी ते मुरूमला एका लग्नाला गेले होते. मी पहिल्या वर्षाच्या मुलींना बोलावलं आणि म्हणालो, काहीतरी छान करा.

त्यांनी केलं. सकाळी मी पोचलो तेव्हा बेचाळीस फूट उतारावर बेचाळीस फूट रांगोळी होती. खाली 'सुस्वागतम्', मध्ये मोर, वर समई. दोन्ही कडांना कुंड्या. पायथ्याला नारळ फोडायला दगड आणि आडवी लाल फीत. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना दोन कुंड्या आणखी आणायला लावल्या.

साडेदहाला सारिका आली. फितीपाशी येऊन थांबली. पाहुणे परंड्याहून यायचे होते. त्यांची गाडी वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली होती. अकराला परीक्षा. यादीत सारिकाचं नाव पहिलं. परीक्षक वर पंख्याखाली बसून घड्याळ पाहत होते. ते अशा गावचे होते, जिथं अकरा म्हणजे अकराच वाजतात.

"सर, जाऊ का?" सारिकानं विचारलं.

"अगं, फीत आहे," मी म्हणालो.

एक मुलगी काकुळतीनं म्हणाली, "ताई, पहाटे पाचपासून काढलीय ओ. पाहुणे बघेपर्यंत मोडू नका ना."

दहा पंचेचाळीस झाले. दहा पन्नास. परीक्षकांनी दारातून डोकावून पहिलं नाव पुकारलं. आणि मग चार स्वयंसेवक पुढं आले. ते वाईट नव्हते. त्यांना एकच गोष्ट चांगली यायची. "ताई, दोन मिनिटांत नेतो. पायऱ्यांवरनं. रांगोळीबी ऱ्हाईल."

सारिकानं माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणालो ते लिहिताना आजही माझे कान गरम होतात. मी म्हणालो, "फक्त आजचा दिवस."

तिनं खुर्ची फिरवली आणि तोंड फाटकाकडं केलं. फाटकाबाहेर ईटची बस थांबते.

फाटकातून अप्पा येत होते. लग्नाचा फेटा अजून डोक्यावर, हातात कॅन्टीनमधून आणलेली काठोकाठ भरलेली बशी. आज उताराची परीक्षा घ्यायची म्हणून मुरूमहून पहिल्या गाडीनं आले होते. ते आले, थांबले. रांगोळी पाहिली. कुंड्या पाहिल्या. फीत पाहिली. चार स्वयंसेवक पाहिले, आणि सगळ्यात शेवटी मला पाहिलं. मी जाणूनबुजून हातात काही धरलं नव्हतं, नाहीतर तेही खाल्लं असतं.

"ह्यो मोर कुणी काढला?" अप्पांनी विचारलं.

मुलगी घाबरत म्हणाली, "मी."

"लई झ्याक काढलाय, बाई. भिताडावर काढ बरं एकदा, म्या जागा करून देतो. रस्त्यात काढलेला मोर मरतो."

एवढं म्हणून ते कुंड्या उचलायला वाकणार, तर हातात बशी. ती कुठं ठेवावी कळेना. सारिकानं हात पुढं केला.

"आणा इकडं."

तिनं बशी घेतली, तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. दोन वर्षांत तिनं केंद्रात कधी घोटभर पाणी प्यालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि का, हे मी कधी स्वतःला विचारलंही नव्हतं. बायकांच्या स्वच्छतागृहालाही पायरी आहे. रिकामी बशी तिनं माझ्या हातात दिली, खुर्ची वळवली आणि निघाली.

फीत तुटली नाही. ती ताणली गेली, दोन्हीकडच्या खिळ्यांतून उपटली आणि सारिकाच्या गळ्यात अडकून तिच्याबरोबर वर गेली. 'सुस्वागतम्'मधून दोन सरळ रेघा गेल्या, मोराच्या पिसाऱ्यातून गेल्या, समईच्या दोन बाजूंनी गेल्या. अप्पा एकेक कुंडी बाजूला सारत तिच्या पुढं पुढं पळत होते आणि ओरडत होते, "सावकास, सावकास, उतार पास न्हाय अजून." शेवटच्या कुंडीला वेळ मिळाला नाही. ती सारिकानं स्वतः खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीनं ढकलली. अकराला दोन मिनिटं कमी असताना ती आत होती.

परीक्षकांनी गळ्यातली लाल फीत पाहून विचारलं, आपला आजच सत्कार झाला का. ती म्हणाली, "व्हय, आत्ताच, माझा मीच केला." हे मला दारामागून ऐकू आलं. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही, कारण पाहुणे आले होते आणि त्यांना उद्घाटनाला काहीतरी द्यायचं होतं. अखेर त्यांनी धरायच्या पाइपावर हार घातला.

दीड वाजता सारिका खाली आली. एकटी, दोन्ही चाकांवर हात घासत, फीत घडी करून मांडीवर ठेवलेली. बाकी सगळी मंडळी जेवायला गेली होती. या वेळी मी गेलो नाही. कडुनिंबाखाली अप्पा वाळूच्या ढिगावर बसले होते, जरा खट्टू.

"कसं झालं?" मी तिला विचारलं.

"झालं चांगलं. अप्पा, तुम्ही का असे बसलाय?"

"उतार पास का नापास, ते कळलंच न्हाय की. च्या तू पिलीस."

"पास हाय. मी सांगते. आता पुढं कुठला उतार करायचा?"

अप्पांनी थोडी वाळू मुठीत घेतली आणि सोडली. "आता एकच ऱ्हायलंय. घरचं."

"तुमच्या घरी कशाला?" मी म्हणालो. "तुमच्या घरी कोण आहे?"

विचारलं, आणि माझी मलाच लाज वाटली. तीन वर्षं हा माणूस माझे रविवार खात होता. आमच्या क्षेत्रकार्याच्या फॉर्मचा पहिलाच रकाना 'कुटुंबातील सदस्य' असा आहे. तो मी शेकडो मुलांकडून भरून घेतला असेल. अप्पांना एकदाही विचारला नव्हता.

"घरची हाय की. महादेवी. पुण्याला लेकाकडं असती. चार वर्सं झाली, एक अंग गेलं तिचं." ते सारिकाकडं पाहून बोलत होते, माझ्याकडं नाही. "हितं हुती तवा म्याच उचलायचो. उनाला, न्हाणीला, देवाला. हातात ताकद हाय, गवंडी माणूस. मला वाटायचं, केवढं करतोय म्या. एक दिस म्हणली, उचलायच्या आदी एकदा इचारत जावा की. म्या म्हणलं, बायकूला काय इचारायचं. फुडल्या म्हयन्यात लेक न्यायला आला, तर गेली. तिथं लिफ्ट हाय."

अप्पांनी पुढ्यातली वाळू तळव्यानं सपाट केली.

"उंबरा हाय माज्या घराला. दगडी, वीतभर उंच. तो काडल्याबिगर खुर्ची आत येत न्हाय. चाळीस वर्सं तिनं रोज पुजलाय त्यो. म्या काय कुनाचंबी जोतं फोडीन, पर ह्यो तिला इचारल्याबिगर कसा काडू?"

"मग विचारा ना," मी म्हणालो.

"इचारलं आन ती म्हणली ऱ्हाऊ द्या, तर? मग संपलंच की, सर. म्हणून म्हणलं, आदी सगळं गाव सपाट करून घ्यावं. मग इचारावं."

सारिकानं हात पुढं केला. "फोन लावा."

"आत्ता? जेवायची यळ असती तिची."

"लावा म्हणते."

अप्पांनी फोन लावला आणि वाजायला लागल्याबरोबर विस्तव धरल्यासारखा तिच्या हातात दिला.

"काकू, मी सारिका. अप्पांच्या तिथं शिकते... व्हय, तीच. व्हय, खुर्चीवालीच... तुमची कसली हाय? पुढची चाकं बारीक असतील तर फटीत अडकतात बघा... व्हय ना? मलाबी. अन् पाठीला?"

उंबऱ्याचं नाव नाही. बोलत बोलत तिनं फोन खांद्यात धरला आणि खुर्ची उतारावर घातली. मोडलेल्या मोरावरून ती सावकाश वर गेली आणि वरच्या कट्ट्यावर आमच्याकडं पाठ करून बसली. आम्हाला तिच्या हसण्याचा आवाज येत होता. एकदा तर ती बराच वेळ नुसती ऐकत होती. आम्हा दोघांना वर जायला काहीच अडचण नव्हती. पण गेलो नाही. तिनं बोलावलं नव्हतं.

अप्पा म्हणाले, "काय बोलत असतील वो?"

"मला काय माहीत."

"तुमी शिकवता न्हवं हेच?"

वीस मिनिटांनी ती खाली आली. फोन अजून चालू होता. हातानं झाकून धरला होता.

"उंबरा काढा म्हणल्या," ती म्हणाली. "पण आत्ता न्हाय. त्या आल्यावर. त्या दारात खुर्चीत बसणार, शेवटची पूजा करणार, मग तुम्ही काढायचा, अन् मग त्यांच्या त्या आत जाणार. मधी कुणी हात लावायचा न्हाय."

"येती म्हणली?" अप्पांनी विचारलं.

"ते मला न्हाय सांगितलं. ते तुम्हाला विचारायचंय म्हणल्या. तुम्ही कधी विचारलंच न्हाय."

अप्पांनी फोन घेतला. कानाला लावला आणि कडुनिंबाच्या पलीकडं गेले. त्यांनी फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलायला लागले, ते कानडीत. मला कानडी येत नाही. त्यांच्याबरोबर राहून जे दोन-चार शब्द कळतात, त्यातला एक म्हणजे कामावरच्या माणसांना ते लांबून हाक मारतात तो. बा. म्हणजे ये.

त्यांनी तो हळूच म्हटला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. थोडं थांबून त्यांनी तो परत म्हटला.